दोष कुणात? : दोन मानसोपचारपद्धती आणि गावकुसाबाहेरचे मन

मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना चोखोबा त्याखाली गाडला गेला. साल १३३८ सांगतात. बांधकामावर आसपासचे महार होते. भिंत कोसळली आणि माणसे तिच्याखाली गेली. पुढे नामदेव आले. त्यांनी एकेक हाड कानाला लावून पाहिले. ज्यातून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती हाडे चोखोबाची म्हणून उचलली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी दिली, अशी कथा परंपरा सांगते. कीर्तनकार ती रंगवून सांगतात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मला मात्र लहानपणापासून एक प्रश्न पडत आला आहे, जो कीर्तनात कुणी विचारत नाही. ज्या हाडांतून काहीच ऐकू आले नाही, त्यांचे काय झाले?

मी याच गावच्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मानसशास्त्र माझा विषय नाही. तरीही मानसोपचाराच्या इतिहासावर लिहायला बसलो आहे, त्याचे कारण खाजगी आहे आणि ते आधी सांगून टाकलेले बरे.

माझ्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. बा वीटभट्टीवर होता, आई सुगीत ज्वारी काढायला जाई. नोकरीत कायम झालो त्या वर्षी माझी झोप गेली. उपाशी होतो तेव्हा गाढ झोपत होतो; पगार सुरू झाला आणि रात्री टक्क जागा. वर्गात उभा राहिलो की वाटे, आता मागच्या बाकावरून कुणीतरी उठेल आणि म्हणेल, तुम्हांला इथे कुणी उभे केले? एका शहरात एका समुपदेशकाकडे गेलो. सज्जन माणूस. आवाज मऊ, खुर्ची मऊ. मी काहीही विचारले की तो तोच प्रश्न सावकाश माझ्याकडे परत करी. उत्तर तुमच्या आतच आहे, असे त्याने मला चार वेळा सांगितले. चार वेळा फी दिली आणि जाणे बंद केले. आत डोकावायला माझी हरकत नव्हती; पण आत डोकावले की मला तिथे सगळे गाव बसलेले दिसे, आणि त्या गावाविषयी त्या खोलीत बोलायची सोय नव्हती.

पुढे दुसऱ्या एका ठिकाणी एका बाईंनी पहिल्याच भेटीत वेगळा प्रश्न विचारला : "घरी तुमच्याशी कोण कोण बोलतं, आणि कसं हाक मारतं?" मी सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. माझ्या ध्यानात आले, की नोकरी लागल्यापासून माझा बा मला 'तुम्ही' म्हणतो. आधी 'आरं' होते. आता 'तुमी जेवला का?' असते. ज्या बापाने मला खांद्यावर घेतले, तो माझ्यापुढे बसताना टोपी सावरतो. त्या दिवशी मी त्या बाईंसमोर रडलो. रात्री तीन तास झोप लागली.

या दोन खोल्यांमध्ये मला जो फरक जाणवला तो दोन माणसांच्या स्वभावातला नव्हता. तो मानसोपचारातील दोन विचारप्रवाहांचा होता, हे पुढे वाचल्यावर समजले. एकाला मानवतावादी-अस्तित्ववादी म्हणतात. दुसरा आंतरव्यक्तिक, म्हणजे माणसामाणसांतील संबंधांत मन शोधणारा. दोन्ही परदेशात वाढले. परंतु दोन्हींचा आपल्या चळवळीशी असलेला सांधा इतका जवळचा आहे, की तो आजवर फारसा कुणी दाखवला नाही याचे आश्चर्य वाटते.

पहिल्या प्रवाहाचे मोठे नाव कार्ल रॉजर्स. जन्म १९०२, शिकागोजवळचा. १९२८ ते १९४० तो रॉचेस्टर या गावी बिघडलेल्या मुलांच्या संस्थेत काम करीत होता. त्या काळातली एक हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. एका वांड मुलाच्या आईला तो आठवडेच्या आठवडे समजावत होता, की मूळ दोष तुम्ही लहानपणी मुलाला नाकारलेत त्यात आहे. तिला ते पटेना. शेवटी दोघांनी ठरवले, हे इथेच थांबवू. बाई दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, तुम्ही मोठ्या माणसांनाही सल्ला देता का? मग खुर्चीवर परत बसून तिने आपल्या संसाराची खरी कहाणी सांगितली, जी आधीच्या नीटनेटक्या माहितीहून अगदी निराळी होती. रॉजर्स यातून शिकला, की कुठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते. पुढे त्याने 'रोगी' हा शब्दच टाकून दिला. उपचार करणाऱ्याकडे तीन गोष्टी हव्यात, असे तो म्हणे : आतबाहेर एक असणे, समोरच्याचा बिनशर्त स्वीकार आणि त्याच्या जागी जाऊन पाहणे.

या बिनशर्त स्वीकाराची थट्टा करणारे आपल्यात बरेच आहेत. मी करणार नाही. ज्याच्या सावलीचा विटाळ झाला, ज्याला ओंजळीत वरून पाणी ओतले, त्याच्या समोर एक माणूस तासभर बसतो आणि काहीही अट न घालता त्याला आहे तसा घेतो, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न तास संपल्यानंतरचा आहे. १९८२ साली रॉजर्स दक्षिण आफ्रिकेत गेला आणि त्याने काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवून गट चालवले. धाडस मानले पाहिजे. पण तिथले पासचे कायदे १९८६ पर्यंत उठले नव्हते. गट संपल्यावर काळा माणूस खिशातला पास चाचपतच आपल्या वस्तीकडे निघाला असणार.

याच प्रवाहाचा दुसरा पाय व्हिक्टर फ्रँकल. व्हिएन्नाचा ज्यू डॉक्टर. १९४२ मध्ये त्याला छावणीत नेले. १९४४ मध्ये तो ऑशविट्झला होता. आईबाप, भाऊ, पत्नी सर्व गेले. सुटल्यावर १९४६ साली त्याने छोटेसे पुस्तक लिहिले, जे आज जगभर वाचले जाते. त्याचा आशय असा, की सगळे हिरावून घेतले तरी आलेल्या प्रसंगाकडे कसे पाहायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य माणसाकडे उरते, आणि जगण्याला अर्थ सापडला की माणूस टिकतो. ज्याने हे लिहिले त्याने ते भोगून लिहिले, म्हणून त्याच्यापुढे मी मान लववतो. पण तोच विचार न भोगलेल्याच्या तोंडी आला की काय होते, ते आपल्या इतिहासात आहे. १९३६ साली गांधींनी 'हरिजन' पत्रात आदर्श भंगी कसा असावा यावर लिहिले. त्या कामाला सेवेचा अर्थ दिला. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या भूमिकेवर जो आघात केला तो आपणा सर्वांस परिचित आहे. पोहऱ्याला हात लावू न देणाऱ्याने तहानेला अर्थ द्यावा, यासारखे ते आहे. अर्थ ज्याचा त्याने शोधायचा असतो. वरून वाटला की तोच कर्मसिद्धान्त होतो. स्वतः चोखोबाच्या काही अभंगांत आपला जन्म पूर्वकर्माच्या माथी मारलेला आढळतो, आणि त्याचा मुलगा कर्ममेळा देवाला त्याहून कडवट बोलतो, हे मला फार बोलके वाटते.

इथे १९६३ साल आठवते. त्या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तके आली : भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती'. अस्तित्ववादाची चर्चा त्या दशकात आपल्याकडे जोरात होती. सार्त्र आणि काम्यू यांची नावे लघुनियतकालिकांत पानोपानी असत. 'कोसला'च्या पांडुरंग सांगवीकरला पुण्यात सगळे निरर्थक वाटते आणि तो गावी परततो. त्याचे तुटलेपण खोटे नाही. पण परतायला गाव आहे, घर आहे, शेत आहे. बागुलांच्या कथेतला नायक उधन्याला रेल्वेत नोकरी धरतो आणि जात सांगत नाही. लोक त्याला मान देतात, आणि त्या मानाच्या प्रत्येक घासाबरोबर त्याच्या घशात भीती उतरते. भेद फुटतो तेव्हा हाणमार होते. सांगवीकरला प्रश्न आहे, मी कोण? बागुलांच्या नायकाला आपण कोण ते पक्के ठाऊक आहे. तो रात्रंदिवस विचारतो ते एवढेच, की इतरांना कळले तर? पहिल्या प्रश्नाला अस्तित्ववादी उपचार ऐकतो. दुसऱ्यासाठी वेगळे कान लागतात.

ते कान हॅरी स्टॅक सलिव्हनकडे होते. जन्म १८९२, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण भागात, गरीब आयरिश कॅथलिक कुटुंबात. भोवती वस्ती प्रॉटेस्टंटांची, त्यामुळे पोर एकटे वाढले. पुढे बॉल्टिमोरजवळच्या शेपर्ड प्रॅट रुग्णालयात त्याने १९२९-३० मध्ये तरुण मनोरुग्णांसाठी एक खास वॉर्ड चालवला. तिथली गंमत अशी, की डॉक्टरांपेक्षा वॉर्डातल्या सेवकांची निवड त्याने जपून केली. मोठ्या पदव्यांपेक्षा रोग्याशी माणसासारखे वागण्याची जाण ज्यांना आहे असे लोक त्याला हवे होते. दिवसाचे तेवीस तास रोगी ज्यांच्या सहवासात असतो, ते त्याला बरा किंवा वेडा करतात, हे त्याला दिसले होते.

सलिव्हनचे म्हणणे थोडक्यात असे. मन नावाची वस्तू एकट्या माणसाच्या कवटीत बंद नसते. मूल स्वतःकडे पाहायला शिकते ते भोवतालच्या मोठ्यांच्या नजरेतून. ज्या वागण्याला माया मिळते त्याचा 'चांगला मी' होतो, ज्याला धाक मिळतो त्याचा 'वाईट मी', आणि जे आठवलेच तर जीव गोठेल असे असते ते 'मी नव्हेच' म्हणून बाहेर टाकले जाते. चिंता एकाकडून दुसऱ्याकडे लागण झाल्यासारखी जाते. घाबरलेल्या आईच्या कडेवरचे मूल कारण न कळताच घाबरते. मी हे वाचले तेव्हा मला माझी आई आठवली. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना ती चपला हातात घेई. मला कुणी काही शिकवले नव्हते. तिचा हात माझ्या हातात घट्ट होई, तेवढ्यावरून मला समजले.

हा माणूस काळ्या मुलांच्या मनाकडेही वळला होता. चार्ल्स जॉन्सन या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय तरुणांवर १९४१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या अभ्यासासाठी सलिव्हनने तिकडे जाऊन निरीक्षणे केली होती. मानसोपचारतज्ज्ञ रोग्याच्या वस्तीत जातो, ही गोष्टच त्या काळी नवी. त्यापुढची पायरी फ्रांट्झ फॅननने चढली. मार्टिनिकचा हा काळा डॉक्टर १९५३ पासून अल्जेरियातील ब्लिदा येथील रुग्णालयात होता. गुलामगिरीने आजारी केलेल्या माणसाला बरे करून त्याच गुलामगिरीत परत पाठवणे हा कसला उपचार, या पेचातून त्याने १९५६ साली राजीनामा दिला आणि तो मुक्तिलढ्यात गेला. फॅननला कोणत्या खान्यात बसवावे? माणूस स्वतःला घडवतो हे तो सार्त्रकडून घेतो, आणि काळेपण गोऱ्याच्या नजरेत जन्मते हे दाखवतो. दोन्ही खाने त्याला अपुरे पडतात.

आता त्या सांध्याकडे येतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते आणि जॉन ड्युई हे त्यांचे आवडते गुरू. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात लोकशाहीचा जो अर्थ येतो, की ती केवळ राज्यपद्धती नसून परस्परांच्या अनुभवात सहभागी होऊन एकत्र जगणे आहे, तो ड्युईच्या १९१६ च्या शिक्षणविषयक ग्रंथाशी नाते सांगतो. हे आपले अभ्यासक जाणतात. कमी ज्ञात आहे ते पुढचे. शिकागोत ड्युईचा सहकारी आणि मित्र होता जॉर्ज हर्बर्ट मीड. माणसाचा 'मी' इतरांशी होणाऱ्या व्यवहारातून घडतो, हे मीडचे सूत्र. सलिव्हनचा सगळा सिद्धान्त त्याच्यावर उभा आहे. आणि रॉजर्स? तो विसाच्या दशकात कोलंबियाच्याच टीचर्स कॉलेजात शिकला. तिथे त्याला ड्युईचे तत्त्वज्ञान शिकवले विल्यम किलपॅट्रिकने, जो ड्युईचा शिष्य. म्हणजे एकाच विहिरीचे पाणी तिघांकडे गेले. रॉजर्सने त्यातून अनुभवावरचा विश्वास घेतला, सलिव्हनने संबंध घेतला. बाबासाहेबांनी दोन्ही घेऊन विचारले, की ज्या समाजात एकत्र जगणेच धर्माने निषिद्ध केले आहे तिथे अनुभवाची देवाणघेवाण होणार कशी? हा तिसरा प्रश्न ते दोघे अमेरिकन विचारू शकले नाहीत. त्यांनी तो विचारावा अशी त्यांच्यावर वेळच आली नव्हती.

सलिव्हन १९४९ मध्ये वारला. त्याच्या विचारांतून थेट उपचाराची आटोपशीर पद्धत बांधली ती जेराल्ड क्लेरमन आणि मर्ना वाइसमन यांनी. १९६९ च्या सुमारास ते खिन्नतेवरच्या औषधाची चाचणी घेत होते आणि औषधाच्या जोडीला बोलण्याचा उपचार तपासायचा होता. त्यातून घडत गेलेली पद्धत १९८४ साली ग्रंथरूपाने आली. बारा ते सोळा भेटी. रोग्याला प्रथम स्पष्ट सांगायचे, की हा आजार आहे, तुझा आळस किंवा नालायकी नव्हे. मग चारांपैकी एक गाठ शोधायची : कुणी गेल्याचा शोक, जवळच्यांशी भूमिकेवरून झगडा, एका भूमिकेतून दुसरीत जाताना झालेली ओढाताण किंवा माणसेच नसणे. अस्तित्ववाद्यांचीही चाराची यादी आहे. अर्व्हिन यालमने १९८० मध्ये ती मांडली. मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण, निरर्थकता. मी दोन्ही याद्या गमतीने आईला वाचून दाखवल्या. ती निवडत होती त्या शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, "पयले चार तर समद्यांलाच हाईत की. दुसरे चार आपल्या घरात हाईत."

तिला तौलनिक अभ्यास शिकवावा लागला नाही.

नोकरी लागलेल्या पहिल्या पिढीची दुखणी या तिसऱ्या गाठीत, भूमिकांतरात, बरीचशी सापडतात. आपल्या आत्मकथनांनी ती उपचारकांच्या आधी लिहिली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्याची रचना आठवा : दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो ती शिकल्यासवरल्या दया पवारला. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसले आहेत, एक बोलतो, दुसरा ऐकतो. रॉजर्सची खोलीच ती, फक्त फी नाही. आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' घ्या. शीर्षकातच 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. वर्षानुवर्षे हे लेखन त्यांनी घरात लपवून ठेवले होते. त्या बाईच्या 'मी'ला वस्तीतल्या साऱ्या बायांशिवाय आकारच नाही. एकाच समाजातून दोन्ही पद्धती निघाल्या आणि त्यांची भांडणे झाली नाहीत.

आंतरव्यक्तिक पद्धतीचा एक गुण असा, की ती पदवीधर डॉक्टरांच्या हातातून सुटू शकते. २००२ साली युगांडाच्या मसाका व राकाई भागांतील खेड्यांत ती गटागटाने वापरली गेली. गट चालवणारे स्थानिक, शालेय शिक्षण झालेले. सोळा आठवड्यांत खिन्नता स्पष्ट उतरलेली आढळली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारी गोव्यात 'संगत' या संस्थेने 'मानस' नावाचा प्रयोग केला. बारा सरकारी आणि बारा खाजगी अशा चोवीस दवाखान्यांत, आधी वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रोग्यांना समजावून सांगणे, श्वसनाचे व्यायाम आणि गरज पडेल तिथे ही आंतरव्यक्तिक पद्धती दिली. सगळ्यांना ती दिली गेली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी, निदान पक्के झालेल्यांपैकी शंभरात सुमारे ६६ सुधारले. नेहमीच्या उपचारात सुमारे ४२. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक जवळजवळ दिसला नाही. मला यात दिसते ते असे : ज्याला डॉक्टर नाव घेऊन विचारतो, त्याला आणखी एका विचारणाऱ्याचा उपयोग कमी. ज्याला रांगेत केवळ नंबर आहे, त्याला कुणीतरी बसवून 'काय झालं?' विचारणे हेच निम्मे औषध. हा माझा तर्क आहे, संशोधकांच्या माथी मारू नये.

पण या पद्धतीचीही एक गफलत सांगितली पाहिजे, नाहीतर मी दुसऱ्या खोलीचा भाट ठरेन. भूमिकेवरून झगडा, हे शब्द नवराबायकोला, बापलेकाला ठीक. सालगडी आणि मालक यांच्यात जे असते त्याला झगडा म्हणून कसे चालेल? तिथे कुणाची गैरसमजूत झालेली नसते. मालकाला सगळे बरोबर समजलेले असते. संबंध दुरुस्त करा, बोलायला शिका, असा सल्ला तिथे दिला तर तो जुळवून घ्या याचेच सभ्य रूप होतो. आपल्या मंगळवेढ्याचीच दामाजीपंतांची कथा पाहा. दुष्काळात पंतांनी कोठारे खुली केली आणि बेदरच्या बादशहाचे देणे चुकवायला विठ्ठल विठू महार होऊन गेला. देवाने एक दिवस भूमिका बदलली आणि भक्त वाचला. दुसऱ्या दिवशी देव परत देव झाला. महारवाड्यात कुणाचीही भूमिका बदलली नाही, आणि भूमिकांतराचा त्रास होण्याची संधीसुद्धा कुणाला मिळाली नाही. संबंध बदलायचे तर काही संबंध तोडावे लागतात. क्लेरमनच्या चार गाठींत ही पाचवी नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस मी या दृष्टीने पुन्हा वाचू लागलो. बावीस प्रतिज्ञांचे व्याकरण पाहिले आहे का? त्या 'मी'ने बोलल्या जातात. 'आम्ही' नाही. लाखो माणसे एका मैदानावर, एका वेळी, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकवचन. जुने नाते तोडायचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, पण तो घेताना खांद्याला खांदा लागलेला. अस्तित्ववादी ज्याला निवड म्हणतात ती इथे आहे, आणि ती एकट्याच्या खोलीत झालेली नाही.

हे सगळे का उगाळतो आहे? मुले मरत आहेत म्हणून. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्याआधी २००७ मध्येच सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावावर अहवाल दिला होता. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. ठिकठिकाणी समुपदेशन कक्षांच्या पाट्या लागतील. माझी भीती ही, की त्या पाटीमागच्या खोलीत मुलाला सांगितले जाईल, उत्तर तुझ्या आत आहे. फ्रँकलचेच उदाहरण घ्या. तरुणपणी, १९२८ नंतर, व्हिएन्नात परीक्षांच्या निकालाच्या दिवसांत विद्यार्थी जीव देत, म्हणून त्याने मोफत सल्लाकेंद्रे काढली. म्हणजे जगण्याच्या अर्थाची भाषा बोलणाऱ्यानेही प्रथम काय केले, तर निकालाची तारीख पाहिली आणि दार उघडे ठेवले. आमच्याकडे शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गासह फलकावर लागते, त्या दिवशी कोणते दार उघडे असते?

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. कॉलेज सोडतो म्हणाला. कारण विचारले तर म्हणाला, "सर, माझ्यातच कायतरी कमी आहे." मला त्या मऊ खुर्चीची आठवण झाली आणि मी प्रश्न परत केला नाही. विचारले, "दुपारी जेवतोस कुणाबरोबर?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "यादी लागल्यापासून एकटाच." आम्ही टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावला, सोलापूरला डॉक्टरकडेही जाऊन आलो, झोप आणि भूक गेलेल्या मुलाला नुसत्या गप्पांवर ठेवणे हा गुन्हा आहे. पण त्याशिवाय दर गुरुवारी तीननंतर रिकाम्या वर्गात बसायचे ठरवले. तो, त्याच्या ओळखीचे आणखी दोघे, आणि मी. कुणी घरचे सांगतो, कुणी फलकाचे. एकाने विचारले, आपण प्राचार्यांना यादी प्रवर्गाशिवाय लावा असा अर्ज का देत नाही? अर्ज दिला. यादी आता आकड्यांची लागते.

मीही तिथे एकदा माझ्या बाची गोष्ट सांगितली. त्यानंतरच्या रविवारी घरी गेलो तेव्हा बाला म्हटले, "मला तुमी म्हणू नको." तो हसला, टोपी सावरली, म्हणाला, "सवय झालीया आता." जेवायला बसल्यावर मात्र भाकरी पुढे सरकवत म्हणाला, "घे की रं."

मागच्या गुरुवारी वर्गात सातजण होते. एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. तासभर काही बोलली नाही. मीही तिला बोलते केले नाही.